चंपाषष्ठीपर्यंत

खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर, मावळ. या पाच तालुक्यांत बैलगाड्यांचे घाट, म्हणजे चढावरच्या शर्यती, भरवणाऱ्या यात्रा कमिट्यांना आणि संयोजकांना कळवण्यात येत आहे.

हे निवेदन नाही. निवेदनं देऊन झाली.

गेले तीन हंगाम आम्ही बोललो. कमिटीच्या बैठकीत बोललो, ग्रामसभेत बोललो, देवळाच्या पायरीवर बसून बोललो. लिहूनही दिलं. एका ठिकाणी पोच मिळाली. उत्तर कुठेच मिळालं नाही.

आता विचारत नाही. सांगतो आहोत.

आम्ही कोण, हे तुम्हाला सांगायला नको. गाडामालक आम्ही. तापलेल्या बैलाची वेसण धरून जुंपणारे आम्ही. आणि ज्यांच्या दावणीला एकही बैल नाही, पण 'भिर्रर्र' ही आरोळी कानावर पडली की हातातलं काम सुटतं, ते बांधावरचे शौकीनही आम्हीच. पावसाळ्यात वाड्यावस्त्यांवर आमच्या बैठका झाल्या. निर्णय झाला. तो तुमच्यापर्यंत पोचवायचा तेवढा राहिला होता.

आधी संयमाचा हिशेब देतो. तो तुमच्या लक्षात राहिलेला दिसत नाही.

११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं अधिसूचना काढली. ज्या जनावरांचे खेळ करता येणार नाहीत, त्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह होते. त्यांच्या जोडीला बैल जाऊन बसला. पोळ्याला ज्याच्या तोंडात पहिला घास घालायचा, तो वाघसिंहांच्या रांगेत.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टू आणि बैलांच्या शर्यती, दोन्ही बंद केल्या.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्रानं सवलत दिली. पाच दिवसांत तिला स्थगिती मिळाली. आम्ही गुलाल आणला होता. तो पोत्यातच राहिला.

२०१७ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं कायदा बदलला. राष्ट्रपतींची संमती आली. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयानं आमचा हात रोखला. तिकडे तामिळनाडूत जल्लिकट्टू चालू होता, कर्नाटकात कंबळ्याचे रेडे चिखलातून धावत होते. आम्ही पाहत होतो.

त्या वर्षांत बऱ्याच जणांनी बैल विकले. शर्यतीच्या बैलाला शर्यत नाही म्हटल्यावर बाजारात कोण विचारतो? चाकणच्या शनिवारच्या बाजारात पडेल भावानं दावं दुसऱ्याच्या हातात दिलं आणि मागं न बघता माणसं घरी आली. ज्यांनी ठेवले, त्यांनी न पळणाऱ्या बैलाला पळणाऱ्या बैलाचा खुराक घातला. उडदाचं पीठ, दूध, अंडी, सरकी. घरात यावरून भांडणं झाली. आमच्यातल्या कित्येकांवर गुन्हे दाखल झाले. पुणे-नाशिक रस्त्यावर बैल घेऊन बसलो. तारखांना मुंबईला गेलो, दिल्लीला गेलो.

कुणी दगड उचलला नाही.

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

तो निकाल तुम्ही गुलाल उधळून साजरा केलात. वाचला नाहीत. कायदा आणि त्याखालचे नियम काटेकोर पाळले जातील, ही जबाबदारी न्यायालयानं जिल्हाधिकाऱ्यांसारख्या सक्षम अधिकाऱ्यांवर टाकली आहे. परवानगी आणि अट एकाच कागदावर आहेत. तुम्ही कागदाचा वरचा अर्धा फाडून फ्लेक्सवर लावला.

आता गेल्या चैत्रातला एक घाट. गावाचं नाव घेत नाही. ज्यांचं आहे त्यांना कळेल.

गाड्यांचा क्रम ठरवणारं टोकन सकाळी सहाला सुरू होणार होतं. गाडा आमच्यातल्याच एकाचा. टेम्पो पहाटे चारला वस्तीवरून निघाला. पोचलो तेव्हा टोकनासाठी रांग नव्हती. टेबलही नव्हतं. पहिली साठ टोकनं आदल्या रात्रीच गेली होती. कुठे गेली, असं विचारल्यावर छातीला बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता हसला.

आम्हाला एकशे सेहेचाळीस नंबर मिळाला. टोकनं त्यापुढेही वाटली जात होती.

पहिली बारी, म्हणजे पहिल्या गाड्याची धाव, साडेदहाला सुटली. त्याआधी नारळ फुटायचा होता, आणि ज्यांच्या हस्ते फुटायचा ते वाटेत होते. बाराच्या सुमारास दुसरे पाहुणे आले. दीडला तिसरे. प्रत्येकासाठी घाट थांबला. फेटा, शाल, भाषण. निवेदकाचा घसा दुपारीच बसला. गाड्यांची नावं घेऊन बसला असता तर आमची तक्रार नव्हती.

बैल उन्हात. टेम्पोची सावली सरकेल तसे आम्ही बैल सरकवत होतो. पाण्याचा एक टँकर होता. तो धावपट्टीवर मारायला आणलेला. तिथेही मारला नाही. प्रत्येक बारीनंतर फुफाटा उठायचा आणि खाली बसायच्या आत पुढच्या गाड्याला हाक यायची.

डावीकडचा बैल साडेचार वर्षांचा. खिलार. दुपारी तीननंतर तो पाण्याला तोंड लावेना. बादली पुढे केली की मान फिरवायचा. पुन्हा पुढे केली, पुन्हा फिरवली. ज्यानं बैल पाळलाय त्याला ही मान फिरवणं काय असतं ते सांगावं लागत नाही. मालकानं ओल्या पंच्यानं त्याचं तोंड पुसलं. मग स्वतः टेम्पोच्या चाकाला टेकून खाली बसला आणि तासभर कुणाशी बोलला नाही.

आमची बारी आली तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती. घाटावर दिवे नव्हते. माथ्यावर दोन ट्रॅक्टर उभे करून त्यांचे दिवे खाली सोडले होते. बैलांनी चढायचं उजेडाकडे, आणि उजेड थेट डोळ्यांत. निशाणापाशी माणसांची भिंत. तीत पोरं होती.

मालकानं बैल जुंपले नाहीत. टोकन खिशात घातलं. तेरा तासांनी बैल होते तसे टेम्पोत चढवले. फाळका लावताना लाऊडस्पीकरवरून ऐकू आलं, 'एकशे सेहेचाळीस, गाडा गैरहजर.'

गैरहजर.

हा शब्द आम्ही जपून ठेवला आहे.

तुम्ही म्हणाल, एखाद्या घाटात असं होतं. आम्ही दोन हंगामांचं चित्रीकरण करून ठेवलं आहे. एखाद्या घाटात असं होत नाही, एवढं त्यातून दिसतं.

अकरा तासांचा उजेड धरा. एका बारीला जुंपण्यापासून निशाणापर्यंत आणि मग घाट मोकळा होईपर्यंत चार मिनिटं. एकशे पासष्ट गाडे. तेही एकही शाल न घालता. याच्यापुढे टोकन देणारा माणूस एकतर हिशेबात कच्चा आहे, किंवा टोकनाचा हिशेब वेगळ्या वहीत लिहितो.

आता घड्याळ.

आमच्या घाटात नंबर सेकंदावर लागतो, हे बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी सांगतो. तुम्हाला ते आमच्याइतकंच ठाऊक आहे. एका सेकंदात आलेले सगळे गाडे एका नंबरात, आणि त्या नंबराची रक्कम त्यांच्यात वाटून. अकरा सेकंद अठ्ठ्याण्णव पॉइंटला निशाण पडलं तर पहिला नंबर. बारा सेकंद एक पॉइंटला पडलं तर दुसरा. मधलं अंतर पापणी लवण्याइतकं. वर्षभराचा खुराक, पोहणी, चालणी, सगळं त्या पापणीवर.

म्हणून घड्याळ लोकांच्या डोळ्यांसमोर पाहिजे.

तुमचं घड्याळ मांडवाच्या आत असतं. आकडा निवेदकाच्या कानात सांगितला जातो. आम्हाला तो फक्त ऐकू येतो. कधीकधी थोड्या वेळानं तोच आकडा वेगळा ऐकू येतो. 'दुरुस्ती,' असं म्हणतात. ही दुरुस्ती मानाच्या गाड्यांच्या बाजूनंच कशी होते, हे आम्ही आजवर विचारलं नाही. पुढेही विचारणार नाही. घड्याळ बाहेर आणा. मोठा आकडा लावा. प्रश्न राहणार नाही.

बक्षिसांवर आमचा आक्षेप नाही. फेटा आणि नारळावर घाट झाले आहेत, जेसीबी आणि बोलेरोवरही झाले आहेत. ज्याची ऐपत असेल त्यानं द्यावं. मात्र फ्लेक्सवर छापलेली रक्कम आणि हातात आलेली रक्कम एकच असावी. दोन हंगामांपूर्वी घाटाचा राजा ठरलेल्या एका गाड्याची दुचाकी अजून यायची आहे. दुचाकीसोबतचा फोटो मात्र त्याच दिवशी काढून झाला होता. फोटोत चौदा माणसं आहेत. मालक शोधावा लागतो.

पार्किंगची पावती, पाण्याची बाटली, यांवर लिहीत नाही. जत्रेत लुटलं जाणं हा जुना रिवाज आहे.

जाळीवर लिहितो.

घाटाच्या दोन्ही अंगांना मजबूत जाळी नाही. कुठे दोरी आहे. कुठे दोरीही नाही, स्वयंसेवकाची काठी आहे. चार बैल एका दमात चढ घेतात तेव्हा वाटेत आलेल्या माणसाला ते टाळू शकत नाहीत. त्यांना टाळायला शिकवलेलंच नाही. घाटात माणसं मेली आहेत. पेपरात चार ओळी येतात, कमिटी दुःख व्यक्त करते, तिसऱ्या दिवशी पुढच्या गावाचा फ्लेक्स लागतो. मेलेल्या माणसाच्या घरी कोण गेलं? आम्ही गेलो. तिथे आम्हाला जे ऐकवलं गेलं ते तुम्हाला उद्देशून होतं. आम्ही ते ऐकून घेतलं.

आमच्यात एक आजोबा आहेत. पंचाहत्तरी उलटली. लहानपणापासून घाटाच्या उजव्या अंगाच्या एकाच बांधावर बसायचे. हातात तंबाखूची चंची, डोक्याला टॉवेल. गाडा सुटला की मनात आकडे मोजायचे, आणि त्यांचा आकडा घड्याळाच्या आकड्यापासून फार लांब नसायचा. बंदीच्या काळातही यात्रेच्या दिवशी ते त्या बांधावर जाऊन बसायचे. समोर रिकामा घाट. कुसळं उगवलेली. तरी बसायचे.

बंदी उठल्यावर दुसऱ्या वर्षी त्या बांधासमोर पाहुण्यांचा स्टेज आला. सोफ्यांचा. त्यांना तिथून काही दिसेना. त्यांनी एका कार्यकर्त्याला विचारलं, 'बाबा, मी कुठं बसू?' त्यानं एलईडी पडद्याकडे बोट केलं.

आता ते येत नाहीत. बंदीला जे जमलं नाही ते तुम्हाला जमलं.

आणि पोरांचं. २०१४ साली जो मुलगा पहिलीत गेला, तो बंदी उठली तेव्हा आठवीत होता. त्यानं घाट पाहिलाच नव्हता. आजोबांकडून ऐकला होता, जुन्या फोटोत पाहिला होता. त्यानं पाहिलेला पहिला घाट म्हणजे तुमचा घाट. डीजे, भाषणं, ट्रॅक्टरचे दिवे. आज तो म्हणतो, घरी मोबाइलवर बघतो, फायनल तेवढी लावतो. त्याला दोष देता येत नाही. पण दहा वर्षांनी दावणीला बैल कोण बांधणार, याचं उत्तर त्या मुलाकडे आहे. तुमच्या स्टेजवर बसलेल्या कुणाकडेही नाही.

नीरेच्या पलीकडे, सातारा-सांगलीकडे शर्यतीची रीत वेगळी: दोन बैलांची गाडी, आखलेली चाकोरी, गट, सेमी, फायनल. विदर्भात शंकरपट, तळेगाव दशासरचा पट तर नावाजलेला. तिथली गाऱ्हाणी तिथल्या लोकांनी मांडावीत. पूर्वी तिकडची पाहुणे मंडळी मुद्दाम आमचा घाट बघायला यायची, मुक्काम करायची, रात्री ओसरीवर बसून चार बैलांची जुळणी समजून घ्यायची. हल्ली फोन करून विचारतात, 'वेळेत होणार आहे का?' आम्ही काय सांगायचं?

आमच्या बाजूनं जे चुकतं तेही लिहितो. बैलाची शेपटी पिरगाळणारे आमच्यात होते. खिशात टोचणी ठेवणारे होते. काठी, चाबूक, विजेचा झटका, यांतलं काहीही बैलाच्या अंगाला लावायला नियमांत मनाई आहे. कायद्यानं पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या पावसाळ्यात अशा तिघांची नावं आम्ही आमच्या बैठकीत घेतली. त्यांच्यासमोर घेतली. त्या तिघांच्या गाड्याला आमच्यातला कुणी जुंपायला जाणार नाही. त्यातला एक आमच्या अध्यक्षस्थानी बसलेल्या माणसाचा चुलतभाऊ आहे. तरीही.

हे आम्ही करू शकतो. केलं. आता तुमची पाळी.

टोकन आदल्या संध्याकाळी, देवळासमोर, सगळ्यांच्या देखत, चिठ्ठी टाकून काढायचं. चिठ्ठी लहान पोरानं उचलायची. रात्रीचं टोकन, फोनवरचं टोकन, मानाचं टोकन बंद. मान देवाच्या पालखीला असतो.

गाडे दीडशे. एकही वर नाही. पहिली बारी सातला. सूर्य मावळला की घाट बंद, मग राहिलेला गाडा कुणाचाही असो. राहिलेल्यांना दुसऱ्या दिवशी पहिली पाळी.

सत्कार घाट संपल्यावर. पाहुण्याला थांबायला वेळ नसेल तर त्यानं येऊ नये.

घड्याळ बाहेर. आकडा बदलायचा झाला तर चित्रीकरण दाखवून.

दोन्ही अंगांना लोखंडी जाळी, माथ्यावर मोकळी जागा. बैल थांबायला जी जागा लागते ती माणसांनी भरायची नाही. डॉक्टर, रुग्णवाहिका, जनावरांचा डॉक्टर. हे तिघे कागदावर असतातच. आम्हाला ते घाटावर दिसले पाहिजेत.

बैलांसाठी सावलीचा मांडव आणि पाणी. तुमच्या मांडवाच्या आधी त्यांचा.

धावपट्टी आठ दिवस आधी तयार. दगड वेचलेले, मुरूम दाबलेला, आदल्या रात्री पाणी मारलेलं. सकाळी आमची दोन माणसं अनवाणी चालून बघतील. त्यांच्या पायाला जे टोचेल ते बैलाच्या खुराला टोचतं.

बक्षीस त्याच दिवशी. रोख असेल तर रोख, वाहन असेल तर किल्ली आणि कागद. पुठ्ठ्याचा मोठा चेक आम्ही आता हातात धरणार नाही.

एवढंच. यात एकही गोष्ट अशी नाही जी तुमच्या वडिलांच्या पिढीनं, आजच्या निम्म्या पैशांत, केली नव्हती.

मुदत चंपाषष्ठीपर्यंत.

ही तिथी मुद्दाम धरली आहे. मार्गशीर्षात खंडोबाचं नवरात्र उठतं. पौष पौर्णिमेला थापलिंग, माघ पौर्णिमेला निमगाव, आणि मग चैत्र-वैशाखापर्यंत गावोगावच्या यात्रा. हंगाम सुरू व्हायच्या आधी तुम्हाला तयारीला वेळ मिळावा, एवढी सोय आम्ही ठेवली आहे. ही शेवटची सोय.

चंपाषष्ठी उलटली आणि उत्तर आलं नाही, तर काय होईल ते सांगून ठेवतो. नंतर अचानक झालं असं कुणी म्हणू नये.

ज्या गावाचं उत्तर नाही, त्या गावच्या घाटात आमचा गाडा उतरणार नाही. टोकनाचं टेबल मांडा. खुर्ची टाका. समोर कुणी येणार नाही.

झेंडा धरणारा आमचा आहे. गाडा सुटतो त्या जागी उभा राहणारा आमचा आहे. तापलेले चार बैल एका ओळीत आणणारे हात आमचे आहेत, आणि ते हात भाड्यानं मिळत नाहीत. तुम्ही इव्हेंटवाले आणाल. त्यांच्याकडे धुराचं यंत्र असतं. बैल धरायला कोण पुढे होतो ते बघू.

यात्रेची वर्गणी आम्ही देऊ. देवाची देऊ. पावती वेगळी फाडून घेऊ. घाटाचा एक रुपया देणार नाही.

माणसंही येणार नाहीत. जाहिरातदाराला तुम्ही गर्दी विकता. ती गर्दी आम्ही आहोत. ज्या बिल्डरचा फ्लेक्स सगळ्यात मोठा असतो, त्याला मोकळा माळ बघायला बोलवा.

दोन हंगामांचं चित्रीकरण तारीखवार लावून ठेवलं आहे. तीन प्रती आहेत. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. घटनापीठानं जबाबदारी कुणावर टाकली आहे ते वर लिहिलंच आहे. त्यानंतर परवानगी देणारा अधिकारी सही करताना दोनदा विचार करेल. तिसऱ्यांदा विचार करणार नाही.

'अशानं घाटच बंद पडेल,' हे वाक्य तुमच्यातल्या काहींच्या ओठांवर आलं असेल. बंद घाट आम्ही सात वर्षं पाहिला आहे. त्याची भीती आम्हाला घालू नका. बंद घाटापेक्षा वाईट काय असतं, हे आम्ही गेल्या तीन हंगामांत शिकलो.

आमचं नुकसान होईल. ते मोजलं आहे. एक हंगाम न पळालेला बैल पुढच्या वर्षी जड होतो, हे आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. बैलाचा पळता काळ थोडा असतो. त्यातलं एक वर्ष आम्ही खर्चायला काढलं आहे. याच्यापेक्षा महाग वस्तू आमच्याकडे नाही.

आणि बैल नुसता बांधून ठेवणार नाही. एक माळ बघून झाला आहे. जमीन आमच्यातल्याच तिघा भावांची, सामाईक उताऱ्यावरची. चढ मोजला आहे. मुरूम पडला आहे. परवानगीचा अर्ज तयार आहे, नियमात जे जे लागतं ते जोडून. तिथे स्टेज नसेल. उजव्या अंगाला एक बांध मोकळा सोडला आहे. तो कुणासाठी, हे वर वाचलंच असेल.

फूट पाडायचा प्रयत्न होईल. एकेकाला फोन जातील. 'तुझं टोकन पहिल्या दहात लावतो,' असं सांगितलं जाईल. हे एका कमिटीनं गेल्या महिन्यात करून पाहिलं. ज्याला फोन गेला त्यानं त्या फोनचं रेकॉर्डिंग बैठकीत सगळ्यांना ऐकवलं. आम्ही काही बोललो नाही. फाईलमध्ये ठेवलं.

पुढाऱ्यांना मध्ये घालू नका. ज्यांचे फोटो फ्लेक्सवर असतात त्यांनी फोन केला तर त्यांना आम्ही चहाला बोलावू. चहा चांगला देऊ. उत्तर हेच देऊ.

आम्ही घोषणा देणार नाही. रस्ता अडवणार नाही. कुणाचा मांडव उखडणार नाही. त्याची गरज नाही. सकाळी सातला निवेदक पहिला नंबर पुकारेल, मग दुसरा, मग तिसरा, आणि प्रत्येक नंबरानंतर त्याला एकच शब्द म्हणावा लागेल. तो त्याला पाठ आहे.

उत्तर लेखी द्यावं. कमिटीच्या लेटरहेडवर, अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सह्यांनी, शिक्का मारून. देवळाच्या फळ्यावर एक प्रत लावावी, एक आमच्याकडे द्यावी.

फोनवरचा शब्द धरला जाणार नाही.